कोरडी, हवेशीर खोली पाहिजे

घर बांधायला जमीन लागते, विटा लागतात, पाणी लागतं आणि निदान दोन वर्षं लागतात. घराच्या प्रश्नावर जनतेचं म्हणणं मागवायला मात्र एक जाहिरात पुरते. म्हणून कुठलंही शहाणं सरकार सुरुवात दुसऱ्या कामापासून करतं, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नाही. माणसाला छप्पर देता येत नसेल तर निदान त्याचं मत तरी विचारावं. मत विचारलं की माणूस खूश होतो, मग तो भर उन्हात उभा का असेना.

अशा सद्हेतूने शहरात 'परवडणारी घरे धोरण, लोकसूचना कक्ष' स्थापन झाला. कक्षात एक साहेब, एक लिपिक, एक शिपाई, तीन टेबलं आणि एक पंखा. (पंखा फक्त साहेबांकडे तोंड करून फिरत असल्यामुळे त्याची गणना साहेबांच्या आस्थापनेत होते.) लिपिकाचं काम म्हणजे आलेल्या सूचनेवर आवक क्रमांक टाकायचा, ती वाचायची आणि योग्य त्या गठ्ठ्यात बांधायची. हे काम तो इतकी वर्षं करत आला होता की सगळे त्याला आवकराव म्हणत. बायकोसुद्धा रागावली की आवकराव म्हणायची, एरवी नुसतंच 'अहो'.

जाहिरातीत मुदत तीन आठवड्यांची होती. त्याला आता सहा वर्षं झाली. लोकांच्या उत्साहाला मान देऊन नऊ वेळा मुदत वाढवण्यात आली, आणि दर वेळी लोकांनीही त्या मुदतवाढीला मान दिला. कक्षाचा नियम अगदी साधा होता. सूचना निकाली निघेपर्यंत नष्ट करायची नाही. धोरण ठरलं की ती निकाली निघणार. सगळ्या सूचनांचा विचार झाला की धोरण ठरणार. आणि सगळ्या सूचना आल्याशिवाय विचार सुरू करणं म्हणजे उशिरा लिहिणाऱ्यावर अन्याय झाला असता, म्हणून विचार अजून सुरू झालेला नव्हता. उगाच घाई करून कुणाचं भलं झालंय?

आवकरावांनी एकूण एक लाख बारा हजार सूचना वाचल्या होत्या. त्यांचा सहावार्षिक गोषवारा त्यांनी स्वतःच तयार केला होता. शंभरातल्या बेचाळीस लोकांचं म्हणणं होतं की गरिबांसाठी घरं तातडीने बांधावीत, फक्त आमच्या गल्लीत नको. एकवीस जणांना घरांच्या किमती निम्म्यावर आणायच्या होत्या, मात्र आमचं घर विकून झाल्यावर. चौदा जणांनी बाहेरून शहरात येणाऱ्यांवर बंदी मागितली होती (यातले अकरा स्वतः गेल्या दहा वर्षांत आलेले). काही थोडे खरोखरच विचारी होते. एकाने सुचवलं होतं की कुठल्याही भागातलं भाडं आणि तिथला पगार एकाच माणसाने ठरवावा, म्हणजे त्यालाही कळेल. ही सूचना आवकरावांना फार आवडली आणि त्यांनी ती 'किरकोळ'मध्ये बांधली, कारण तिच्यासाठी दुसरा गठ्ठाच नव्हता.

राहिले ते लोक, जे एकच ओळ लिहीत. 'मला एक खोली पाहिजे.' अशा कागदांवर आवकराव शिक्का मारत: 'सूचना नव्हे, वैयक्तिक मागणी, सबब परत.' सूचना ही व्यापक हिताची असावी लागते. ज्याला खरोखरच घर हवंय त्याला व्यापक हिताचं कसं सुचणार? शिवाय कायमचा पत्ता लिहिलेला नसेल तर सूचना नोंदवायची नाही, असा पोटनियम होता. त्यामुळे सहा वर्षांत बेघर माणसाची एकही सूचना नोंदली गेली नाही. या वर्गाची काही तक्रार नसावी, असा निष्कर्ष वार्षिक अहवालात दर वर्षी नोंदवला जाई.

एक मात्र खरं, या कामाने आवकरावांच्या अंगी एक कसब आलं होतं. एकदा वाचलेलं अक्षर ते विसरत नसत. दुकानाबाहेरच्या फळ्यावर, बाकावर कोरलेल्या नावात, कुठेही अक्षर दिसलं की त्यांच्या तोंडून आपोआप आकडा निघे. "अठ्ठावीस हजार नऊ," ते पुटपुटत, आणि बायको म्हणे, "झालं, लागली यांची समाधी."

तर प्रश्न असा उभा राहिला की सूचना ठेवायच्या कुठे. कपाटं भरली, कपाटांच्या डोक्यावर गठ्ठे गेले, मग जिन्यात गेले. शिपाईमामा गठ्ठ्यावर बसून डबा खाऊ लागले. शेवटी एक दिवस साहेबांना स्वतःची खुर्ची सापडली नाही, तेव्हा कुठे जागेच्या टंचाईची गंभीर दखल घेण्यात आली.

"आवकराव," साहेब म्हणाले, "सूचनांसाठी बाहेर खोली भाड्याने घ्यायची मंजुरी आलीये. आदर्श खोली कशी असावी, त्याचं वर्णन चार वाजेपर्यंत लिहून द्या. जाहिरातीत जसंच्या तसं छापायचंय."

"आदर्श म्हणजे कशी, साहेब?"

"म्हणजे जिथे ठेवलेली वस्तू सुखात राहील अशी."

आवकराव टेबलाशी बसले. आयुष्यात त्यांनी शिक्के पुष्कळ मारले होते, पण स्वतःच्या मनाचं असं काही लिहिलं नव्हतं. आणि सुखात राहण्याची खोली म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर एकच आली, कारण ते बारा वर्षं त्या एकाच खोलीत राहत होते. मग लेखणी अशी काही सुटली की विचारू नका.

'खोली दहा बाय चौदा असावी. पहिल्या मजल्यावर असावी. जिन्याला पायऱ्या सतरा असाव्यात, जेणेकरून चढणाऱ्यास दम लागणार नाही. खिडकी पूर्वेकडे असावी व तिचा कट्टा एक हात रुंद असावा. सकाळी साडेसात ते दहा ऊन कट्ट्यावर यावे. खोली कोरडी व हवेशीर असावी. शेजार शांत असावा. कार्यालयापासून पायी अकरा मिनिटांत पोहोचता यावे.' आणि मग, हात चाललाच आहे तर, बारा वर्षं मनात दाबून ठेवलेलंही कागदावर उतरलं: 'वारंवार जागा सोडावी लागल्यास आतील सामग्रीची हेळसांड होते. सबब करार दहा वर्षांचा असावा, आणि दरम्यान जागामालकाने कोणत्याही कारणाने जागा रिकामी करून मागू नये.'

साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "वा! तुमच्यात लेखक लपलाय हो," असं म्हणून त्यांनी खाली सही ठोकली. आवकराव त्या दिवशी घरी जाताना शीळ वाजवत गेले.

जाहिरात छापून आली त्या सकाळी वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाई वर्तमानपत्र हातात घेऊन धापा टाकत खाली आल्या.

"भाऊ, हे वाचलंत का? अगोबाई, ही तर आपलीच खोली! वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला. दहा बाय चौदा, पूर्वेची खिडकी, एक हात कट्टा. सतरा पायऱ्या म्हटल्यावर मी तशीच उठले आणि मोजून आले. सतराच!"

"बाई," आवकराव म्हणाले, "पण इथे आम्ही राहतो."

"हो ना! तुम्ही राहिलात म्हणूनच इतकी नीट राहिली." बाई अगदी मनापासून बोलत होत्या. "तुमच्याबद्दल माझी कणभर तक्रार नाही हो. पण कागद म्हणजे कसं, पाणी सांडत नाहीत, पाहुणे आणत नाहीत, खोकत नाहीत. आणि शिवाय सरकारी. तुमचा अकरा महिन्यांचा करार या महिनाअखेरीस संपतोच आहे. योग बघा कसा जुळून आला!"

आवकरावांना एकदम आठवलं. आठ हजार दोनशे चौदा. बाईंचंच गोल, टपोरं अक्षर, समासात फुलाची नक्षी. 'भाडेकरूंना घरच्यासारखे वागवावे व घरमालकांवर तसे बंधन घालावे.' त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने 'स्तुत्य' असा शेरा मारला होता. बाईंनी चुकीचं काही केलं नव्हतं. त्यांनी फक्त बंधनाची वाट पाहिली, आणि ते आलं नाही.

खोली हातची जाणार हे लख्ख दिसत होतं. मुलीची शाळा चार गल्ल्यांवर, बायकोचं शिवणाचं यंत्र खिडकीच्या उजेडात, आणि एवढ्या भाड्यात शहरात दुसरी खोली म्हणजे दिवास्वप्न. आवकरावांनी धीर केला आणि साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, प्रस्ताव आलाय ती खोली माझी आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "मालकीची?"

"नाही साहेब. भाड्याची. मी राहतो तिथे."

"मग तुमची कशी?"

या प्रश्नाचं उत्तर एक लाख बारा हजार सूचनांतही कुणी दिलेलं नव्हतं. तेवढ्यात साहेबांचा चेहरा बदलला.

"थांबा थांबा. म्हणजे स्वतःच्या राहत्या खोलीचं वर्णन तुम्ही सरकारी जाहिरातीत घुसवलंत? मालकिणीचा फायदा व्हावा म्हणून?"

"नाही हो साहेब! मला दुसरी खोली माहीतच नाही."

"चौकशी लागली तर हे वाक्य बोलू नका. वर्णनाखाली माझी सही आहे. तेव्हा तुम्ही काही बोललाच नाहीत आणि मी काही ऐकलंच नाही. नोकरी हवीये ना?"

"वर्णन थोडं बदलता नाही येणार? सतराऐवजी अठरा पायऱ्या?"

"बदलायचं तर त्यावर लोकांच्या सूचना मागवाव्या लागतील," साहेब हताशपणे म्हणाले. "आणि त्या ठेवायच्या कुठे?"

नियमाप्रमाणे जागेची पाहणी करणं हे लिपिकाचं काम होतं. तेव्हा ठरल्या दिवशी आवकराव आणि शिपाईमामा फीत आणि छापील तक्ता घेऊन निघाले, अकरा मिनिटांत पोहोचले, सतरा पायऱ्या चढले, आणि आवकरावांनी स्वतःच्या दारावर टकटक केली.

"या साहेब," बायकोने दार उघडलं. "पाहणीला ना? चहा घेणार, की तो नियमात बसत नाही?"

शिपाईमामांनी घेतला. आवकरावांनी तक्ता उघडला. 'जागेचा सध्याचा वापर' या रकान्यात चार पर्याय होते: रिकामी, दुकान, गुदाम, इतर. त्यांनी 'इतर'वर खूण केली. पुढचा रकाना होता 'हटवता येण्याजोगे अडथळे'. तिथे त्यांनी लिहिलं, 'तीन (पैकी एक लहान).'

बायकोने यंत्रावरून जाहिरातीचं कात्रण उचललं. "सकाळी साडेसात ते दहा ऊन कट्ट्यावर यावे," तिने मोठ्याने वाचलं. "लग्नाला चौदा वर्षं झाली, माझ्याबद्दल कधी चार ओळी लिहिल्या नाहीत तुम्ही. आणि खोलीबद्दल लिहिल्या त्या अशा की दुसऱ्याने उचलूनच नेली." मग तिने भिंतीकडे बोट केलं. "आणि कोरडी? त्या कोपऱ्यातली ओल विसरलात?"

"साहेब आदर्श म्हणाले होते गं," आवकराव पुटपुटले.

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. शिपाईमामांनी उगाचच खिडकी पुन्हा एकदा मोजली.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या सात रेषा होत्या. दर वाढदिवसाला मुलीला तिथे टाचा टेकवून उभं करत आणि डोक्यावर पट्टी ठेवून रेघ मारत. सगळ्यात वरची रेघ गेल्या महिन्यातली. तक्त्यात 'भिंती व चौकटींवरील खुणा' असा रकाना होता आणि तो रिकामा सोडला तर अहवाल परत येतो.

"लिहा हो काहीतरी," शिपाईमामा हळूच म्हणाले. "ओल मोजायच्या खुणा म्हणून लिहा."

आवकरावांनी तसं लिहिलं. पुढे कंसात भर घातली: 'रंगसफेदीत पुसल्या जातील.' आणि खाली सही केली.

पुढचं सगळं झपाट्याने पार पडलं, आणि यंत्रणेचं कौतुक करावं तेवढं थोडंच. ज्या ओलीसाठी आवकराव सहा वर्षं मालकीणबाईंच्या विनवण्या करत होते, ती सूचनांसाठी दोन दिवसांत गेली. खिडकीला नवी काच बसली. दर वर्षी रंगसफेदी करून देण्याचं बाईंनी लेखी कबूल केलं. सूचनांना दहा वर्षांचा करार मिळाला, मध्येच काढता न येण्याची हमी मिळाली, आणि उंदरांपासून संरक्षण मिळालं. शहरातल्या कुठल्याही भाडेकरूला आजवर इतकं सुरक्षित घर मिळालेलं नव्हतं. वरिष्ठांनी पत्र पाठवून कक्षाचं अभिनंदन केलं आणि परवडणाऱ्या घरांच्या दिशेने हे पहिलं ठोस पाऊल असल्याचं म्हटलं. पत्रावर आवकरावांनीच आवक क्रमांक टाकला.

आवकरावांचं कुटुंब साडूच्या घरी गेलं. साडू भला माणूस. "घर तुमचंच समजा," तो म्हणाला, आणि बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाकडे हात केला. शिवणाचं यंत्र जिन्याखाली गेलं. मुलीची शाळा आता दोन बस बदलून यायची झाली. ती शाळेतून सुटली की थेट जुन्या खोलीवर येई, कारण खोलीची चावी अजून आवकरावांकडेच होती. खोली आता कक्षाचं भांडार असल्यामुळे ते रोज दुपारी तिथे गठ्ठे लावायला जात. ती गठ्ठ्याला पाठ टेकून कट्ट्यावर अभ्यास करी, आणि आवकराव तिची नोंद 'अभ्यागत' म्हणून करत. सहा वाजले की दोघं बाहेर पडत. सहानंतर त्या खोलीत माणसाला थांबण्यास मनाई होती.

"बाबा, यांना एवढी जागा लागते?" तिने एकदा विचारलं. "अर्धी खोली रिकामीच आहे."

त्या प्रश्नाने आवकराव पेटले. त्यांनी दुसऱ्या दिवशी रीतसर सूचना लिहिली, स्वतःच्या नावाने, शुद्ध अक्षरात: 'सूचना अर्ध्या खोलीत मावतात. उरलेल्या अर्ध्या खोलीत एक लहान कुटुंब ठेवल्यास सूचनांची देखभालही होईल.' मग टेबलाच्या या बाजूला येऊन ती त्यांनी हातात घेतली आणि नेहमीप्रमाणे तपासली. लिहिणाऱ्याला स्वतःलाच खोली हवी होती. कायमच्या पत्त्याचा रकाना कोरा होता. सहा वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणालाही सवलत दिली नव्हती. त्यांनी शिक्का उचलला, 'सूचना नव्हे, वैयक्तिक मागणी, सबब परत,' आणि कागद घडी करून स्वतःच्या खिशात परत घातला. शिपाईमामा हे सगळं बघत होते. "अहो, निदान स्वतःला तरी..." असं म्हणून ते बाहेर निघून गेले.

तेव्हापासून कार्यालय सुटलं की आवकराव खोली शोधत फिरतात. 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या शहरात पुष्कळ आहेत. बंद खिडक्यांची घरं तर त्याहून जास्त. आणि घोळ असा होतो की बहुतेक पाट्यांचं अक्षर त्यांच्या ओळखीचं निघतं.

परवा एका इमारतीच्या फाटकावर त्यांनी एक पाटी वाचली. 'लहान कुटुंबालाच. पाहुणे चालणार नाहीत. अकरा महिनेच.' 'र'च्या शेपटीला विशिष्ट वळण. "एकसष्ट हजार तीनशे सात," आवकराव नकळत म्हणाले. ती सूचना त्यांना चांगलीच आठवत होती. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, कळकळीची. 'घर हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे,' आणि खाली दोनदा रेघ मारलेली. वाचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ही माणसं आपल्याला नाही म्हणणार नाहीत, असं वाटून त्यांनी तिथूनच फोन लावला.

"किती माणसं?" पलीकडून आवाज आला. फार सभ्य आवाज.

"तीनच."

"तीन म्हणजे जरा जास्तच होतात हो. तशी जागा दोन वर्षं पडूनच आहे, पण आम्हाला काही घाई नाही. बरं, बघू, कळवतो."

आवाज ओळखीचा वाटला ना? वाटणारच. फोन तुम्हीच तर घेतला होता. मनाला लावून घेऊ नका. आवकरावांच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही, त्यांनी तर त्या दिवशीही 'उपकार झाले' म्हणूनच फोन ठेवला. आणि तुमच्या सूचनेची काळजी मुळीच नको. तुम्ही फार सुंदर लिहिलंय, म्हणून त्यांनी ती पूर्वेच्या खिडकीपाशी, कोरड्या कट्ट्याला लागून ठेवली आहे. सकाळी साडेसात ते दहा तिच्यावर ऊन येतं. दहा वर्षं तिला तिथून कुणी हलवू शकणार नाही.